पाहुण्यांना बेळगाव दाखवताना या चुका टाळा

गेल्या श्रावणात पुण्याहून माझी मावशी आणि मावसबहीण दोन दिवसांसाठी आल्या होत्या. पहिल्या दिवशी मी गोकाक आणि सौंदत्ती एकाच फेरीत उरकलं, दुसऱ्या दिवशी कित्तूर आणि परतताना राजहंसगड. स्टेशनवर गाडीची वाट बघताना मावशी म्हणाली, "सगळं छान झालं रे, पण तू राहतोस ते शहापूर काही बघायला मिळालं नाही." ते वाक्य मला लागलं. पन्नास वर्षं ज्या गल्लीत काढली, ती माझ्या यादीतच नव्हती. त्यानंतर घरी आलेल्या प्रत्येकाबरोबर मी वेगळ्या रीतीनं फिरलो आणि आधी काय काय चुकत होतं ते ध्यानात येत गेलं. आपल्या भागात घरोघरी हेच चालतं, म्हणून लिहितोय.

चार दिशा एका दिवसात

नकाशा समोर ठेवून बसा. गोकाक ईशान्येला, सौंदत्ती पूर्वेला, कित्तूर धारवाडच्या वाटेवर, खानापूर-नंदगड-हलशी दक्षिणेला, आणि कणकुंबी-चोर्ला घाट पश्चिमेकडे. हे सगळं जोडायला गेलात की पाहुण्यांच्या लक्षात फक्त गाडीची खिडकी राहते. एक दिवस, एक दिशा. एवढं पाळलं तरी निम्मा त्रास वाचतो.

पाहुणे कोल्हापूरहून गाडीनं येणार असतील तर सुरुवात वाटेवरच होऊ शकते. निपाणीनंतर तवंदी घाट, मग संकेश्वर, आणि बेळगावच्या तोंडाशी काकती. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं माहेर हे. तिथं पाच मिनिटं थांबून सांगा, आणि दुसऱ्या दिवशी कित्तूरला न्या. 23 ऑक्टोबर 1824 ला कित्तूरच्या फौजेनं कंपनी सरकारचा कलेक्टर थॅकरे याला तिथंच मारलं. मग बैलहोंगल, जिथं राणी कैदेत वारल्या आणि जिथं त्यांची समाधी आहे. वेळ आणि हौस असेल तर आणखी एका दिवशी नंदगड, जिथं राणींच्या फौजेतले संगोळ्ळी रायण्णा यांना 26 जानेवारी 1831 ला फाशी दिलं. असं ओळीनं दाखवलं की पडका वाडा आणि एक समाधी यांची गोष्ट होते. मी कित्तूर नुसतंच दाखवलं, तेव्हा मावसबहिणीला भिंती दिसल्या आणि ती सावलीत जाऊन बसली. तिची चूक नव्हती.

नंदगडला गेलात तर हलशी सोडू नका. कदंबांची ही जुनी राजधानी आज खानापूर तालुक्यातलं लहानसं खेडं आहे, आणि तिथल्या भूवराह-नृसिंह देवळात दोन गाभारे एकमेकांसमोर आहेत. गर्दी नसते, देवळाच्या आवारात निवांत बसता येतं. आमच्या भागातली मला सगळ्यात आवडती जागा हीच. तरी कित्येक वर्षं मी कुणाला तिथं नेलं नव्हतं, कारण कुणी तिचं नाव घेऊन मागत नव्हतं.

ऋतू न बघता धबधबा

गोकाकचा धबधबा 170 फुटांचा, घोड्याच्या नालेसारखा. पण एप्रिलमध्ये नेलंत तर काळा खडक आणि बारीक धार दिसेल. घटप्रभेचं पाणी वर हिडकलच्या धरणात अडतं, पुढं धुपदाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यात जातं, आणि धबधब्यापाशी वीज तयार करायलाही लागतं. जुलै ते सप्टेंबर हाच त्याचा खरा काळ. तेव्हा जा, आणि तास-दीड तास तरी थांबा. मी श्रावणात नेऊनही पुढं सौंदत्ती गाठायची म्हणून पंधरा मिनिटांत सगळ्यांना गाडीत बसवलं होतं.

खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांचं उलट आहे. ऐन पावसात वनखातं तिकडं जायला बंदी घालतं, ते आधी विचारून घ्या. पाहुण्यांना घेऊन निसरड्या वाटेनं चोरून जाऊ नका. त्याऐवजी कणकुंबीला न्या. मलप्रभा जिथं उगम पावते तिथं माउलीचं देऊळ आहे, आणि धुक्यातला रस्ता स्वतःच बघण्यासारखा आहे.

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचं तर मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला तर वयस्कर माणसांना नेऊच नका. अर्थात यात्राच बघायची असेल तर गोष्ट वेगळी.

उन्हाळ्यातच पाहुणे आले, तर? मग बाहेरगाव सोडा, शहरातच फिरा. आणि वैशाखात आले असतील तर त्यांना शिवजयंतीपर्यंत थांबवून घ्या. आमच्याकडं ती वैशाख शुद्ध द्वितीयेला असते, आणि नंतरच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत शहर रात्रभर झोपत नाही.

बस आणि तिकीट

ही चूक पूर्ण माझी होती. कर्नाटकात जून 2023 पासून बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट लागत नाही, हे मावशीनं ऐकलं होतं. ती निर्धास्त बसली आणि कंडक्टरनं पैसे मागितल्यावर सगळ्यांसमोर ओशाळली. ती सवलत कर्नाटकात राहणाऱ्या बायकांनाच आहे, ओळखपत्रावर इथला पत्ता लागतो. हे मी घरातून निघतानाच सांगायला हवं होतं.

बसवरच्या पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात. पाहुणे एकटे फिरणार असतील तर जायच्या ठिकाणाचं नाव कन्नडमध्ये कागदावर लिहून द्या, म्हणजे जुळवून बघता येतं. रेल्वेचं तिकीट काढताना स्टेशनचं नाव 'बेळगावी' असं शोधायचं, हेही सांगा. 2014 च्या 1 नोव्हेंबरपासून सरकारी नाव तेच आहे.

किल्ल्यात घाई

बेळगावचा किल्ला शहरातच, म्हणून आपण तो "जाता जाता" दाखवतो. जाता जाता दिसणारी ती जागा नाही. कमल बस्ती, म्हणजे तिथलं जुनं जैन देऊळ, सकाळी बघा, ऊन चढायच्या आत. 1204 साली रट्ट राजांचा मंत्री बिचिराज यानं ती बांधली. आत नेमिनाथांसमोर उभं राहून मान वर केली की छताला दगडाचं कमळ उलटं लटकलेलं दिसतं, 72 पाकळ्यांचं. पाहुण्यांना तिथं बोलून बेजार करू नका, वर बघू द्या. त्याच तटाच्या आत असदखानाची सफा मशीद आहे आणि रामकृष्ण आश्रमही आहे. ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले तेव्हा रिसालदार गल्लीत आणि मग किल्ल्यात राहिले होते.

किल्ल्याचा आणि कॅम्पचा बराच भाग लष्कराचा आहे. ओळखपत्र जवळ ठेवायला सांगा आणि फोटो काढण्याआधी विचारा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच आहे, त्यामुळं जवान दिसले की पाहुणे मोबाईल बाहेर काढतात. आधीच सांगितलं तर नंतर अडचण होत नाही.

टिळकवाडीत वीरसौध आणि काँग्रेस विहीर अर्ध्या तासात होते. काँग्रेसचं डिसेंबर 1924 चं अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव, इथंच भरलं होतं.

सीमाप्रश्न: लपवणं आणि लादणं

इथं मला थोडं थांबायचंय. पाहुणा महाराष्ट्रातला असला की दोनपैकी एक होतं. एक तर आपण त्याला पहिल्या चहापासूनच 1956 ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, 2004 चा सर्वोच्च न्यायालयातला दावा हे सगळं ऐकवत सुटतो, किंवा त्यानं विचारलं तर विषय बदलतो. दोन्ही चुका मी केल्या आहेत. त्यानं विचारलं की सरळ सांगा, तुमच्या घरात काय घडलं तेही सांगा. हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक त्याला बघायचं असेल तर न्या. आणि त्याच दिवशी शेजारच्या कन्नड घरात चहाला न्या, जसे आपण रोज जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही आपल्याच आहेत.

1 नोव्हेंबरला मात्र पाहुण्यांना बोलावू नका. एका बाजूला राज्योत्सवाची मोठी मिरवणूक, दुसऱ्या बाजूला सीमाभाग महाराष्ट्राबाहेर ठेवल्याच्या निषेधाचा आपला काळा दिन, रस्ते बंद. वातावरण तापलं की महाराष्ट्राच्या बस सीमेपर्यंतच येतात, म्हणून परतीचं तिकीट रेल्वेचं असलेलं बरं.

पाहुण्यांना चार कन्नड शब्द शिकवून ठेवा. 'बर्री' म्हणजे या, 'एष्टु' म्हणजे किती, 'साकु' म्हणजे पुरे, 'बेडा' म्हणजे नको. जेवायला बसल्यावर शेवटचे दोन फार उपयोगी पडतात. पुण्याच्या माणसानं दुकानात "एष्टरी?" विचारलं की दुकानदाराचा चेहरा खुलतो आणि तो उत्तर बहुतेक मराठीतच देतो.

आणि स्वतःची बोली बदलू नका. मावशी आली की माझी बायको "मी जाते, मी येते" असं जपून बोलायची, एरवी आमच्या बायका "मी जातो, मी आलो" म्हणतात. "काय करूलालास?" (काय करतोयस?) हे वाक्य आम्ही पाहुण्यांसमोर गिळायचो. मावसबहिणीला मागाहून फोनवर ते ऐकायला मिळालं आणि तिनं विचारलं, "हे तिथं असताना का नाही बोललात?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आपली गल्ली

आता मी पहिली संध्याकाळ शहापूरलाच ठेवतो. चालत. कपिलेश्वराचं दर्शन घेऊन निघायचं. स्वातंत्र्यापर्यंत हे शहापूर सांगली संस्थानात होतं आणि लागूनच असलेलं बेळगाव इंग्रजांकडं, हे चालता चालता सांगतो. आजही शहरात रंग धुळवडीला खेळतात आणि शहापूर-वडगावात रंगपंचमीला. पुढं खासबाग-वडगावकडं वळलं की कापड विणायच्या मागांचा आवाज येतो. ओळखीच्या मागवाल्या आण्णांना आधी विचारून ठेवलं असेल तर ते आत बोलावतात आणि ताणा, म्हणजे उभे धागे, कसा भरतात ते दाखवतात. मावसबहिणीच्या नवऱ्यानं दुसऱ्या खेपेला तिथं तास घालवला.

जेवण घरी. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि मिळाला तर येळ्ळूरच्या शिवारातला बासमती. त्या भाताचा वास दारापर्यंत येतो.

कुंदा पहिल्याच दिवशी घेऊन ठेवू नका, दुधाचा पदार्थ आहे. निघायच्या दिवशी सकाळी, शक्यतो गरम असताना चाखून घ्या. मांडे घेतले तर पिशवीत उभे घालू नका, घरी पोचेपर्यंत चुरा होतो. बॅगेत सगळ्यात वर, आडवे, आणि त्यावर काही ठेवायचं नाही.