पहाटेचं गोल्फ: शेवटची फेरी आणि प्लेऑफ कसा बघायचा

थ्री फेज लाईट रात्रीची असली की गव्हाला पाणी द्यायला शेतात जावंच लागतं, आणि अमेरिकेतल्या गोल्फचा रविवार नेमका त्याच वेळेला संपत असतो. मी सेलू तालुक्यातला शेतकरी. गोल्फचा क्लब कधी हातात धरला नाही, पण रब्बीच्या रात्री हा खेळ बघून बघून कळायला लागला. आता शेजारच्या शेतातली पोरंही मोबाईल घेऊन बांधावर येऊन बसतात आणि दरवेळी तेच प्रश्न विचारतात. एकदाच लिहून टाकतो.

आधी वेळेचं. मोठी स्पर्धा गुरुवार ते रविवार, रोज अठरा होल (एक होल म्हणजे बॉल एका खड्ड्यात घालायचा एक टप्पा), एकूण 72. दोन दिवस झाले की मागं पडलेले खेळाडू घरी जातात, उरलेले शनिवार-रविवार खेळतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडं हिवाळ्यात सोमवारी पहाटेचे साडेचार झालेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढं करतात, मग साडेतीन. शेवटचा गट साधारण त्या सुमाराला अठरावं होल संपवतो. मास्टर्स ही एप्रिलमधली मोठी स्पर्धा तासभर उशिरा संपते. अख्खी रात्र जागू नका. संपायच्या दोन-सव्वादोन तास आधी गजर लावा, तेव्हा पुढारी दहाव्या होलवर आलेले असतात. आधीचं बघितलं नाही तरी चालतं.

आता स्कोरबोर्ड. पार म्हणजे एका होलसाठी ठरवून दिलेले फटके, तीन, चार किंवा पाच. नावापुढं पहिला आकडा असतो पारच्या मानानं एकूण किती: उणे अकरा म्हणजे पारपेक्षा अकरा फटके कमी, आणि कमी तेवढं चांगलं. दुसरा आकडा आजचा. तिसरा रकाना म्हणजे ‘थ्रू’, आज किती होल खेळून झाले. तिथं ‘एफ’ दिसलं की गडी खेळून मोकळा झाला.

पोरं पहिल्या आकड्याला चिकटून बसतात. मी तिसऱ्यापासून सुरू करतो. शेवटच्या दिवशी सगळ्यात पुढं असलेले सगळ्यात शेवटी खेळायला निघतात, त्यामुळं मागून आलेला एखादा दणका देऊन तास-दीड तास आधीच संपवून बसतो. त्याचा आकडा आता बदलणार नाही. पुढाऱ्याला मात्र अजून चार-पाच होल खेळायचेत, आणि त्यात पाणी आहे, वाळू आहे, झाडं आहेत. म्हणून कोण किती पुढं आहे यापेक्षा कोणाचे कुठले होल उरलेत ते बघा. पार-पाच उरला असेल तर फटका कमवायची संधी आहे. पाण्याकाठचा पार-तीन उरला असेल तर दोन गमवायची.

2025 ची मास्टर्स यासाठी नमुना आहे. 13 एप्रिलची रात्र. बारा वाजता गावात जयंतीचे फटाके सुरू झाले, त्याच सुमाराला तिकडं सगळ्यात पुढं असलेला रोरी मॅकिलरॉय पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभा होता. पहिल्याच होलवर त्यानं दोन फटके घालवले. जस्टिन रोझ त्या दिवशी सात फटके मागून निघालेला, कोणी त्याच्याकडं बघतही नव्हतं. त्यानं 66 मारले, अठराव्या होलवर लांबचा पट घातला (पट म्हणजे ग्रीनवरून, खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरून, ढकललेला फटका) आणि उणे अकरावर जाऊन थांबला. मॅकिलरॉय अजून मैदानातच. त्यानं तेराव्या होलवर, म्हणजे फटका कमवायच्या पार-पाचवर, हातातला सोपा जवळचा फटका ओढ्यात घातला आणि दोन गमावले. मग पंधराव्या आणि सतराव्यावर कमावले. अठराव्यावर पाचेक फुटांचा पट घातला असता तर तिथंच जिंकला असता. तो चुकला. दोघंही उणे अकरा.

अशा पटाच्या वेळी मोबाईल जवळ धरा आणि खेळाडू नाही, ग्रीन बघा. टीव्हीवर सगळं सपाट दिसतं, तो कॅमेऱ्याचा दोष आहे. ज्यानं दारं धरलीत त्याला हे सांगावं लागत नाही: वाफा सपाट दिसतो, पण पाणी सोडलं की उतार कुठं आहे ते आपोआप कळतं. बॉलचंही तसंच, आणि जोर संपत आला की तो उताराकडं जास्तच वळतो. खेळाडू होलच्या पलीकडं जाऊन खाली बसतो ते यासाठीच.

दुसरी गोष्ट गवत. फ्लोरिडातल्या बऱ्याच मैदानांवर बर्म्युडा गवत असतं, म्हणजे आपली हरळी. होय, तीच. जिच्या काशा वेचताना आमच्या दोन पिढ्यांच्या कंबरा गेल्या, ती तिकडं पैसे मोजून लावतात आणि मिलिमीटरमध्ये कापतात. (हे आईला सांगितलं तर तिनं माझ्याकडंच संशयानं बघितलं.) पाती पलीकडं झुकलेली असली तर गवत चमकतं आणि बॉल पळतो. गडद दिसलं तर पाती आपल्याकडं आहेत, बॉल अडतो. कॉमेंट्रीवाला ‘ग्रेन’ म्हणतो तो हाच प्रकार.

बरोबरी दिसली म्हणून लगेच प्लेऑफ, म्हणजे बरोबरी तोडायचा जादा खेळ, धरू नका. आधी फटक्यांच्या कार्डावर सह्या होतात. 1968 च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे व्हिसेंझोनं शेवटच्या दिवशी 65 मारले होते. कार्ड सोबतचा खेळाडू लिहितो. त्या जोडीदारानं एका होलवर तीनच्या जागी चार लिहिले आणि दे व्हिसेंझोनं न बघता सही केली. नियम असा की जास्तीच्या आकड्यावर सही केली तर तोच धरायचा. 66 झाले, बॉब गोल्बीशी असलेली बरोबरी मोडली, प्लेऑफ झालाच नाही.

आता प्लेऑफ. इथं पोरांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण नियम स्पर्धेगणिक वेगळा. बसायच्या आधी तो माहीत करून घ्या, नाहीतर एक होल झाल्यावर जिंकला का हरला यावर बांधावर भांडण होतं.

पीजीए टूर, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक गोल्फची मालिका, तिच्या बहुतेक स्पर्धांत आणि मास्टर्समध्ये सडन डेथ. सगळे बरोबरीवाले एकच होल खेळतात. ज्याचे फटके कमी तो जिंकला, सारखे झाले तर पुढचं होल. इथं पारशी काही संबंध नाही, दोघांनी पाच-पाच मारले तरी खेळ चालू. मास्टर्समध्ये अठरावं, मग दहावं, मग परत अठरावं असं चालतं. त्या रात्री रोझ आणि मॅकिलरॉय पुन्हा अठराव्यावर गेले. मॅकिलरॉयचा दुसरा फटका झेंड्याजवळ जाऊन थांबला, रोझचा पट चुकला, मॅकिलरॉयचा पडला. एका होलमध्ये निकाल, आणि चारही मेजर, म्हणजे गोल्फच्या सगळ्यात मोठ्या चार स्पर्धा, जिंकणारा मॅकिलरॉय सहावा खेळाडू. रोझचं वाईट वाटलं. 2017 मध्येही तो मास्टर्सच्या प्लेऑफमध्येच सर्जिओ गार्सियाकडून हरला होता.

दुसरा प्रकार ठराविक होलच्या बेरजेचा. पीजीए चॅम्पियनशिपला तीन होल, द ओपनला 2019 पासून तीन, त्याआधी चार होते. यूएस ओपनला 2018 पासून दोन. बेरीजही सारखी आली तर मग सडन डेथ. म्हणजे इथं पहिल्या होलवर मागं पडलेला माणूस संपलेला नसतो. फ्लोरिडातल्या प्लेयर्स चॅम्पियनशिपलाही सोळा, सतरा, अठरा अशी तीन होलची बेरीज असते. मॅकिलरॉयनं 2025 च्याच मार्चमध्ये तिथं जे. जे. स्पॉनला प्लेऑफमध्ये हरवलं होतं. पावसामुळं रविवारी उशीर झाला, अंधार पडला, म्हणून प्लेऑफ त्यांच्या सोमवारी सकाळी झाला. आपल्याकडं संध्याकाळचे साडेसहा, चहा पीत बघितला. सतरावं होल म्हणजे पाण्यातलं बेट. स्पॉनचा बॉल ग्रीन ओलांडून पाण्यात गेला आणि सामना तिथंच फिरला. एकाच माणसाचे एका महिन्याच्या आतले हे दोन प्लेऑफ कुठं मिळाले तर पाठोपाठ बघा. नियमानं खेळ कसा बदलतो ते दहा लेख वाचून कळणार नाही.

मला स्वतःला सडन डेथच आवडते. बेरीज जास्त न्यायाची आहे, मान्य, पण पहाटे चार वाजता न्यायापेक्षा निकाल बरा. पूर्वी यूएस ओपनला तर सोमवारी परत अख्खे अठरा होल खेळवायचे. 2008 मध्ये टायगर वुड्स आणि रॉको मीडिएट ते अठरा खेळूनही बरोबरीत राहिले, एकोणिसाव्यावर टायगर जिंकला, तेही पाय मोडलेला असताना. सडन डेथही लांबते बरं का. 2021 मध्ये ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपला हॅरिस इंग्लिश आणि क्रेमर हिकोक आठ होल खेळले. 1949 मध्ये डेट्रॉईटला मिडलकॉफ आणि मँग्रम अकरा होल खेळले, अंधार पडला, शेवटी दोघांनाही विजेते केलं.

प्लेऑफमधले फटके आधीच्या बेरजेत धरत नाहीत. हरणारा दुसरा येतो, तिघांत झाला तर उरलेले दोघं दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेचं बक्षीस मिळून वाटून घेतात. ऑलिंपिकमध्ये मात्र पदकासाठीही प्लेऑफ होतो. 7 ऑगस्ट 2021 आठवत असेल. संध्याकाळी नीरज चोप्रानं सुवर्ण घेतलं तो दिवस. सकाळी आपली आदिती अशोक उणे पंधरावर संपली, लिडिया को आणि मोने इनामी उणे सोळावर. त्या दोघी रुपेरी पदकासाठी प्लेऑफ खेळल्या. आदितीची एक बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) जास्त असती तर ती तिसरी तिथं असती.

शेतातून बघणाऱ्यांसाठी थोडं. मोबाईल पूर्ण चार्ज करून न्या, मोटार चालू असताना स्टार्टरच्या पेटीपाशी चार्जिंगचे उद्योग नकोत. गमबूट आणि बॅटरी लागतेच, मॅच रंगात आली म्हणून अंधारात पाय टाकू नका. नेट कमी असेल तर व्हिडिओ सोडा, स्पर्धेच्या ॲपवरचा स्कोर बघा, तो व्हिडिओच्या पुढंच असतो. आणि व्हिडिओ बघत असाल तर तोच स्कोर बंद ठेवा, नाहीतर पट पडायच्या आधीच निकाल कळतो. दारं मोडून नवीन वाफा लावला की वीसेक मिनिटं मिळतात, तेवढ्यात दोन होल होतात.

ज्यांना पहाटे उठवत नाही त्यांनी जुलैतल्या द ओपनपासून सुरुवात करावी. ब्रिटनमधली स्पर्धा, रविवारी रात्री अकराच्या आसपास संपते, प्लेऑफ झाला तर साडेबारा. तेव्हा पावसाळा असतो, पाणी द्यायचंही नसतं.