मूर्च्छनांनुसार स्वरश्रेणींचे गट पाडताना या चुका टाळा

स्वर तेच ठेवून षड्ज निराळ्या स्वरावर नेला, की त्या स्वरश्रेणीची दुसरी मूर्च्छना मिळते. एकमेकींच्या मूर्च्छना असलेल्या सर्व श्रेणी एका गटात घालायच्या, एवढेच हे काम आहे. पण संगणकाकडून ते करून घेताना निकाल बिघडतो, आणि बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. गटाची ओळख स्वरांच्या स्थानांत नसून त्यांच्यामधील अंतरांच्या बंद वर्तुळात आहे, हे मध्येच कुठेतरी विसरले जाते.

सप्तकाच्या 12 समान पायऱ्या मानल्या, तर भूप रागाचे स्वर 0, 2, 4, 7, 9 या स्थानांवर येतात. गंधारापासून सुरुवात करण्यासाठी ही यादी नुसती फिरवून 4, 7, 9, 0, 2 अशी लिहिणे पुरेसे नाही. प्रत्येक संख्येतून 4 वजा करून ऋण उत्तरांत 12 मिळवावे लागतात, तेव्हा 0, 3, 5, 8, 10 हे मालकंस रागाचे स्वर हाती येतात. (राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, येथे विचार फक्त स्वरांचा आहे.) अंतरे लिहिली तर हा खटाटोप उरत नाही: भूपाची 2-2-3-2-3 ही साखळी फिरवली की मालकंसाची 3-2-3-2-2 मिळते. मात्र शेवटच्या स्वरापासून तार षड्जापर्यंतचे अंतर धरलेच पाहिजे. ते गळले तर 2-2-3-2 आणि 3-2-3-2 या साखळ्या कितीही फिरवल्या तरी जुळत नाहीत. स्वरश्रेणी नोंदवणाऱ्या ‘स्काला’ या संगणक प्रणालीच्या फाइलमध्ये आरंभीचा षड्ज लिहिलेला नसतो आणि शेवटच्या ओळीत बहुधा तार षड्ज असतो. ती ओळ पुनरुक्ती समजून वगळली, तर नेमके हेच घडते.

गटाला एकच ठरावीक रूप द्यायचे, तर साखळीची सर्व फिरवलेली रूपे काढून शब्दकोशक्रमाने सर्वांत आधी येणारे निवडावे. ‘सर्वांत लहान अंतरापासून सुरुवात करा’ हा नियम अपुरा आहे, कारण भूपात 2 हे अंतर तीनदा येते. अंतरे चढत्या क्रमाने लावणे तर घातकच आहे. भैरव, पूर्वी आणि तोडी या तिन्ही थाटांत (रागांच्या वर्गीकरणासाठी मानलेल्या सात स्वरांच्या श्रेणींत) 1 चारदा, 2 एकदा आणि 3 दोनदा येतो. क्रम मोडला, की हे तीन स्वतंत्र गट एकच दिसू लागतात.

आरशातील प्रतिमेचा प्रश्न याहून नाजूक आहे. पूर्वी थाटाची साखळी 1-3-2-1-1-3-1 आणि तोडीची 1-2-3-1-1-3-1. नुसती फिरवून या दोन्ही कधीच जुळत नाहीत, पण तोडीची साखळी उलट वाचून फिरवली की पूर्वी मिळते. त्यामुळे दहा थाटांचे मूर्च्छनेने पाच गट होतात (बिलावल, काफी, भैरवी, कल्याण, खमाज आणि आसावरी हे सहा एकाच गटात), तर प्रतिमाही समान मानल्या की चारच उरतात. माझ्या मते मूर्च्छनेच्या वर्गीकरणात उलटे वाचन मिसळू नये, कारण षड्ज हलवून पूर्वीतून तोडी मिळत नाही.

गटांची संख्या पडताळताना एकूण श्रेणींना स्वरसंख्येने भागण्याची सवय असते. षड्ज धरून सात स्वरांच्या 462 श्रेणी होतात आणि 462 भागिले 7 म्हणजे 66 हे उत्तर बरोबर येते. सहा स्वरांच्याही श्रेणी 462 च आहेत, पण गट 77 नसून 80 आहेत. 2-2-2-2-2-2 या साखळीची मूर्च्छना एकच, 1-3-1-3-1-3 च्या दोन, आणि 1-1-4, 1-2-3 व 1-3-2 यांची दोनदा आवृत्ती होऊन बनणाऱ्या तीन साखळ्यांच्या प्रत्येकी तीन. उरलेल्या 75 गटांतच पूर्ण सहा मूर्च्छना आहेत. स्वरसंख्या आणि पायऱ्यांची संख्या यांना 1 खेरीज सामाईक विभाजक असेल, तेव्हाच अशी सममिती संभवते.

सर्वांत जास्त गोंधळ स्वरमेळाच्या, म्हणजे स्वर नेमके कुठे जुळवले त्याच्या, अचूकतेतून होतो. कंपनसंख्यांच्या शुद्ध गुणोत्तरांनी जुळवलेल्या बिलावलात धैवत 5/3 घेतला तर अंतरे 9/8, 10/9, 16/15, 9/8, 10/9, 9/8, 16/15 अशी येतात. 27/16 घेतला तर पाचवे आणि सहावे अंतर अदलाबदल होते आणि गटच बदलतो. 12 पायऱ्यांत 9/8 व 10/9 दोन्हींचे 2 होत असल्याने हा भेद पुसला जातो, तर सप्तकाच्या 53 समान पायऱ्या केल्या तर ती 9 आणि 8 म्हणून वेगळी राहतात. म्हणून गट कोणत्या स्वरमेळात पाडले, ते नोंदवणे आवश्यक आहे. गुणोत्तरे असतील तर तुलना अपूर्णांकांतच करावी. सप्तकाचे सात समान भाग करून स्थाने पूर्ण सेंटमध्ये (सेंट म्हणजे सप्तकाच्या 1200 समान भागांपैकी एक) लिहिली, तर अंतरे 171, 172, 171, 172, 171, 172, 171 अशी दिसतात आणि जिची मूर्च्छना एकच आहे त्या श्रेणीच्या सात निराळ्या मूर्च्छना यादीत शिरतात.

सप्तक नेहमी 2/1 वरच पूर्ण होते असेही गृहीत धरू नये. बोलेन–पिअर्स श्रेणीत स्वरांची आवृत्ती 3/1 या गुणोत्तराने होते आणि त्या अंतराचे 13 समान भाग करतात. तेथे 12 किंवा 1200 सेंटने बाकी काढणारा प्रोग्राम कोणतीही तक्रार न करता चुकीचे गट देतो. तुलनेआधी प्रत्येक साखळीची बेरीज, गुणोत्तरे असल्यास गुणाकार, आवृत्तीच्या अंतराइतका येतो का हे तपासले, तर हा दोष आणि गळलेले शेवटचे अंतर हे दोन्ही तिथल्या तिथे सापडतात.