ताळा जुळत नाही तेव्हा

नोकरीचा तिसरा महिना होता. महिनाअखेरीची बँक जुळवणी, म्हणजे आमच्या नोंदी बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहण्याचं काम, मला दिलं होतं आणि 2,700 रुपयांचा फरक येत होता. हिशेबाचं सॉफ्टवेअर नावे आणि जमा बाजू जुळवूनच घेतं, पण बँकेचा उतारा सॉफ्टवेअरच्या बाहेरून येतो, तिथे लबाडी चालत नाही. रक्कम किरकोळ होती. तरी सोडून देता येत नव्हती, कारण लहान फरकाच्या पोटात एकमेकींना खाणाऱ्या दोन मोठ्या चुका असू शकतात. एवढं मला शिकताना समजलं होतं, म्हणून मी शोधत बसले. पहिला दिवस गेला, दुसराही गेला. मॅडम दोनदा टेबलापाशी येऊन "कुठपर्यंत आलंय?" विचारून गेल्या आणि दोन्ही वेळा मी "होत आलंय" म्हणाले. खरं तर मी त्याच चार पानांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढली, आकडा पाहिला आणि विचारलं, "फरक नवानं भागून पाहिलास का?"

2,700 भागिले 9, बरोबर 300. बाकी शून्य. "म्हणजे शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आहे," त्या म्हणाल्या. "52 चे 25, 41 चे 14, असं काहीतरी. हजार आणि शेकड्याच्या घरात तीनचं अंतर असलेल्या रकमा बघ." वीस मिनिटांत सापडलं. बँकेतून गेलेले 5,200 आमच्या नोंदीत 2,500 म्हणून आले होते. जाताजाता त्यांनी आणखी एक सांगितलं: फरकाला दोननं भाग जात असेल, तर निम्म्या रकमेची एखादी नोंद उलट्या बाजूला पडलीय का, तेही बघायचं.

मॅडम रागावल्या नाहीत, पण उठताना जे बोलल्या ते मला आजही शब्दशः आठवतं. "ही युक्ती तुला ठाऊक नव्हती, त्यात काहीच गैर नाही. पण दोन दिवस तू 'होत आलंय' म्हणालीस आणि त्या भरवशावर मी पुढे तारीख देऊन बसले."

नव्यानं नोकरीला लागणाऱ्या कुणालाही मला पहिल्यांदा हेच सांगायचं असतं. कॉलेजात तुमचा गृहपाठ तुमच्यापुरता असतो. उशीर झाला तर तुमचे गुण जातात, बस. नोकरीत तुमच्या "होत आलंय" वर दुसऱ्या कुणाचा तरी शब्द उभा असतो. तुम्ही अडलाय हे वरच्यांना वेळेत कळलं तर त्यांच्या हातात चार उपाय असतात: तारीख पुढे ढकलणं, मदतीला माणूस देणं, कामाचा क्रम बदलणं, किंवा ते काम स्वतः घेणं. आदल्या रात्री कळलं तर एकही उरत नाही.

मग आपण सांगत का नाही? मला वाटायचं, माझी निवड चुकून झालीय आणि एखादा प्रश्न विचारला की ते उघडं पडेल. या भावनेला 'इम्पोस्टर फिनॉमेनन' म्हणतात, हे मला फार उशिरा समजलं. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये तिच्यावर पहिल्यांदा लिहिलं. उत्तम शिक्षण आणि चांगलं यश मिळालेल्या स्त्रियांनाही आतून आपण तोतया आहोत असं वाटत राहतं, हे त्यांना दिसलं होतं. त्यावर मला ठाम उपाय सापडलेला नाही. फक्त इतकं कळलं, की ती भावना जाईपर्यंत थांबून मग विचारू, असं ठरवलं तर विचारणं कधीच होत नाही. ती सोबत असतानाच विचारायचं.

दुसरं भय चूक होण्याचं. इथे मला एका अभ्यासाचा फार आधार वाटतो. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयातल्या परिचारिकांच्या गटांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तो 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या गटांत चुका कमी असतील, अशी साहजिक अपेक्षा होती. नोंदी मात्र उलट निघाल्या, ज्या गटांतलं नातं आणि नेतृत्व चांगलं होतं तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथे लोक चुकांबद्दल मोकळेपणानं बोलत होते, म्हणून त्या उजेडात येत होत्या, असं त्यांनी त्याचं स्पष्टीकरण दिलं. हे वाचल्यावर मी आमच्या ऑफिसकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. ज्या टीमला मी गोंधळाची समजत होते, त्या टीममध्ये रोज कुणीतरी "माझं इथे चुकलंय" म्हणत होतं. आमची टीम शांत होती, आणि त्या शांततेत निदान माझे दोन दिवस पुरलेले होते.

आता सांगायचं कसं, ते. मी स्वतःला पाऊण तासाची मुदत घातली आहे. पाऊण तास मन लावून प्रयत्न करायचा, नाही जमलं तर उठायचं. तुमच्या कामाप्रमाणे तो अर्धा तास असेल किंवा अर्धा दिवस, पण मुदत काम सुरू करतानाच ठरवा. अडकल्यावर ठरवायला गेलं की "अजून पाच मिनिटं" संपत नाहीत. आणि नुसतं "जमत नाहीये" म्हणू नका. मी आता असं लिहून पाठवते: "बँक जुळवणीत 2,700 चा फरक आहे. वटायचे राहिलेले चेक आणि बँकेचे चार्जेस तपासले, ते बरोबर आहेत. आता महिन्याच्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून पाहणार आहे, त्यात आजचा दिवस जाईल. त्याआधी आणखी कुठे पाहू का?" असं लिहिताना निम्म्या वेळा उत्तर मलाच सापडतं. नाही सापडलं, तर वाचणाऱ्याला दोन मिनिटांत दिशा दाखवता येते आणि तुम्ही हातपाय हलवले आहेत हेही दिसतं.

विचारलेलं लिहून मात्र ठेवा. हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवलं होतं, की नवं पाठ केलेलं माणूस सर्वात वेगानं विसरतो ते पहिल्या काही तासांत. मी संध्याकाळी निघण्याआधी दहा मिनिटं वही उघडते आणि दिवसभरात कुणी काय समजावलं ते न बघता लिहून काढते. जे आठवत नाही ते दुसऱ्या दिवशी सकाळीच विचारते. दुसऱ्यांदा विचारलं तर कुणाचीही हरकत नसते. चौथ्यांदा तेच विचारलं की समोरच्याचा आवाज बदलतो, आणि त्याचंही बरोबरच असतं.

तपासणीतून परत आलेल्या कामाबद्दल थोडं. माझी पहिली फाइल 34 शेऱ्यांसह परत आली. रात्री झोप लागली नाही. सकाळी ते शेरे प्रकारांप्रमाणे लावले तेव्हा दिसलं, की बहुतेक तीनच चुका पुन्हा पुन्हा केल्या होत्या: आकडा कुठून घेतला ते लिहिलं नव्हतं, तारीख राहिली होती, बेरीज दुसऱ्या कागदाशी पडताळली नव्हती. त्या तीन गोष्टींची चिठ्ठी स्क्रीनच्या कडेला चिकटवली, आणि फाइल पाठवण्याआधी ती वाचायचीच असा नियम केला. पुढच्या फाइलला 11 शेरे होते. आणखी एक सांभाळा: सुपूर्द केलेल्या कागदातली चूक नंतर लक्षात आली, तर आकडा गुपचूप बदलू नका. तोवर तो कुणीतरी पुढे वापरलेला असू शकतो. आधी सांगा, मग दुरुस्त करा, आणि काय बदललं ते तिथेच लिहा.

हे सगळं कामाचं झालं. घरच्या बाबतीत मी तोच धडा पुन्हा, आणि जास्त किंमत देऊन शिकले.

वर्षअखेरीची घाई होती. शनिवारी बाबा पाय घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. आईनं मला सोमवारी सांगितलं. "तू कामात होतीस, उगाच जिवाला घोर नको म्हणून बोलले नाही," म्हणाली. ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं. मला लगेच निघायचं होतं, पण ऐन घाईत सुट्टी मागायची जीभ रेटेना. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी टेबलाशी बसून होते, एकाच ओळीतले आकडे तीनतीनदा वाचत होते आणि आईला "बघते, निघते" सांगत होते. बुधवारी दुपारी मॅडमनी विचारलं, "काय झालंय तुला?" आणि मला रडू आलं. अर्ध्या तासात माझ्या फाइली तिघांत वाटल्या गेल्या. त्यातल्या दोघांनी जाताना नंबर दिले, रात्री काही लागलं तर फोन कर म्हणाले. मॅडम एवढंच म्हणाल्या, "सोमवारी बोलली असतीस, तर दोन दिवस आधी बाबांजवळ असतीस."

ते दोन दिवस मला परत मिळणार नाहीत. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी पोचले तेव्हा बाबांना झोप लागली होती आणि आई एकटीच सगळ्या कागदांवर सह्या करून बसली होती. ऑपरेशन नीट झालं, बाबा आता काठी न घेता चालतात. पण त्यानंतर मी आणि आईनं एक ठरवलं: घरातलं जे असेल ते त्याच दिवशी कळवायचं. काळजी किती करायची ते ज्याचं त्यानं बघावं.

म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच तातडीच्या रजेचा नियम वाचून ठेवा. कुणाला कळवायचं, लेखी की फोनवर, किती दिवस मिळतात. ऐन वेळी डोकं चालत नाही.

झोपेबद्दल कुणी सांगितलं तर मी तेव्हा ऐकलं नसतं, तरी लिहिते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सलग 17 ते 19 तास जागे राहिलेल्यांची काही चाचण्यांमधली कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून खालची आढळली. घाईच्या महिन्यात मी सकाळी सहाला उठून रात्री अकरानंतर आकडे टाकत होते. 52 चे 25 त्याच वेळी होतात. आता रात्री नऊनंतर मी आकड्यांना हात लावत नाही. पत्रं लिहिते, फाइली लावते. आकडे सकाळी.

आणि मैत्रिणी. पहिल्या वर्षात त्या दुरावतात, भांडण न होता दुरावतात. "वीकेंडला निवांत बोलू" असं म्हणत राहिलं की निवांतपणा कधी येत नाही, आणि मग इतके महिने फोन केला नाही याचीच लाज वाटून फोन आणखी लांबतो. गेल्या महिन्यात मी तिघींना एकेक ओळ पाठवली: "वर्षभर कामात बुडाले होते, तुझी आठवण येते, दहा मिनिटं बोलूया का?" दोघींचे फोन त्याच संध्याकाळी आले. तिसरीनं एवढंच लिहिलं, की तिचंही हे वर्ष फार कठीण गेलं, सविस्तर कधीतरी सांगेन. त्यावर काय लिहावं ते सुचेना म्हणून मी चार दिवस गप्प आहे. आज तिला फोन करणार आहे, काही न सुचताच.