कागदाची ‘मिकासा’: पाण्याखालच्या स्किनवर घाई करू नका

कागदी मॉडेल म्हटलं की हमखास सल्ला मिळतो, आधी घर करा, मग गाडी, जहाजाकडे नंतर वळा. मला हे अजिबात पटत नाही. कटर रेषेवर चालवता येत असेल तर थेट युद्धनौका घ्या, फक्त पाण्याखालच्या भागाची स्किन, म्हणजे सांगाड्यावर चढवायचं कागदाचं बाहेरचं आवरण, हा टप्पा असा आहे की तिथे सगळ्यांचं जहाज बिघडतं, माझीही पहिली दोन बिघडली, आणि त्याबद्दल कोणी धड सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

उदाहरण ‘मिकासा’ या जपानी युद्धनौकेचं घेतो, कारण ती मी तीनदा बांधलीय. इंग्लंडमध्ये बॅरोला व्हिकर्सच्या यार्डात बांधलेली, १९०२ मध्ये जपानी नौदलात आली, १९०५ च्या रशियाविरुद्धच्या त्सुशिमाच्या लढाईत ॲडमिरल तोगोंचं निशाण हिच्यावर होतं, आणि आज योकोसुकाला म्युझियम म्हणून उभी आहे. मूळ लांबी साधारण १३१.७ मीटर, म्हणजे १:२०० स्केलला (मूळच्या दोनशेव्या भागाला) ६६ सेंटिमीटर, रुंदी साडेअकराच्या आसपास. शोकेसमध्ये नीट मावते.

सामान तुम्हाला माहीत आहे. मॉडेलच्या भागांची प्रिंट लेसरवर काढा, इंकजेटची शाई गोंद लागला की पसरते, एवढंच सांगतो. पुण्यात असाल तर कार्डशीट अप्पा बळवंत चौकात मिळेल. घड्यांसाठी रिफिल संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून ओढायचं, ब्लेडने घडी कोरू नका, रंग तडकतो.

सांगाडा म्हणजे मधला कणा, पाण्याच्या रेषेची आडवी प्लेट आणि उभ्या फ्रेम. हे जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचं आणि जोडताना काचेवर वजन ठेवून सुकवायचं. पण एक गोष्ट आत्ताच करा. फ्रेम कापताना काळ्या रेषेच्या आतून कापा, रेष कचऱ्यात गेली पाहिजे. का, ते पुढे येतंच.

आता स्किन. शीटवर छापलेले हलचे (जहाजाच्या बाहेरच्या अंगाचे) तुकडे थेट फ्रेमवर लावा असं जवळपास प्रत्येक सूचनापत्रात लिहिलेलं असतं आणि तिथेच घात होतो. दोन फ्रेमच्या मधे ४-५ सेंटिमीटर मोकळी जागा, त्यावर कागद, त्यात फेविकॉलचं पाणी. ओला कागद फुगतो, सुकताना आक्रसतो, आणि सकाळी बघावं तर मधला भाग आत बसलेला आणि प्रत्येक फ्रेम बरगडीसारखी वर आलेली. उपाशी गुराच्या कुशीसारखं दिसतं ते, आणि एकदा झालं की दुरुस्त होत नाही. वरून पुट्टी लावून छापलेला रंग घालवण्यात काय अर्थ आहे?

म्हणून आधी आतली स्किन करायची. १६० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पांढऱ्या कार्डाच्या साधारण १ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा आणि नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत लांबीच्या दिशेने फ्रेमवर लावत जा. पट्टीवर पट्टी चढवायची नाही, कडेला कड भिडवायची, टोकांकडे जागा कमी होते तिथे पट्टी निमुळती कापायची. पूर्ण सुकलं की पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, डोळे मिटून बोट फिरवा, जिथे बोट अडखळेल तिथे अजून घासा. या थराची जाडी वाढते, म्हणूनच फ्रेम रेषेच्या आतून कापायला सांगितल्या, नाहीतर वरची छापील स्किन कण्यापाशी अर्धा मिलिमीटर तोकडी पडते आणि मग तळाला पांढरी फट दिसत राहते.

काही जण मधे थर्माकोल भरा म्हणतात. करू नका. घासताना त्याचे दाणे निघतात आणि रबरी सोल्युशन लागलं की विरघळून खड्डा पडतो.

दुसरी गोष्ट कागदाच्या धाग्याची. कागद एका दिशेने सहज वळतो आणि दुसऱ्या दिशेने नाखुशीने, हातात धरून दोन्हीकडून वाकवून बघा, लगेच कळेल. तो धागा जहाजाच्या लांबीच्या दिशेने यायला हवा, मग कागद पोटाच्या गोलाईवर आपोआप बसतो, शिवाय ओला झाल्यावर कागद धाग्याच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, म्हणजे लांबीत लाटा कमी येतात. प्रिंट काढायच्या आधीच हे तपासा.

छापील तुकडे मधून लावायला सुरुवात करा, नाळेपासून नाही. एक डावीकडे, मग त्याच जागी एक उजवीकडे. मी दुसऱ्या जहाजाची अख्खी डावी बाजू एका रात्रीत लावली होती, तेही जुलैमध्ये, आणि सकाळी कणा चक्क वाकलेला होता, काचेवर ठेवला की मधून उजेड दिसायचा. तीन आठवड्यांचं काम गेलं. त्यामुळे पावसाळ्यात स्किन लावायचीच नाही असं माझं स्पष्ट मत आहे, त्या दिवसांत तोफा वळा. प्रत्येक तुकडा आधी तळहातावर विणायच्या सुईने गोल करून घ्या, कोरडा लावून बघा, मग फक्त कण्याकडची कड चिकटवा, ती सुकू द्या, नंतर बाकीचा भाग. फेविकॉल पाणी न घालता, बोटाने पातळ पसरून.

नाळेला पाण्याखाली पुढे आलेला रॅम (शत्रूच्या जहाजाला धडक द्यायचं टोक) आहे, तिथला तुकडा सर्वात शेवटी. फोटो बघून आकार ठरवू म्हणाल तर योकोसुकाचं जहाज काँक्रीटमध्ये बसवलेलं आहे, पाण्याखालचं काही दिसतच नाही, त्यामुळे फ्रेमवरच भरवसा ठेवा.

वरचं काम मजेचं आहे. दोन धुराडी, दोन डोलकाठ्या (आत तार घालाच), बाजूच्या १४ सहा-इंची तोफा. मुख्य १२ इंची तोफांच्या नळ्या १:२०० ला ६ सेंटिमीटर येतात, त्या साध्या ८० जीएसएमच्या कागदाच्या करा, तारेवर गुंडाळून, कार्डाच्या नको. दोरखंडाला काळा सुती दोरा मेणावरून ओढून.

शेवटी झेड निशाण, म्हणजे संकेताचा ‘Z’ अक्षराचा झेंडा, २७ मे १९०५ ला लढाईच्या तोंडावर तोगोंनी चढवलेलं. चार त्रिकोण असतात: वर पिवळा, खाली लाल, दोरीकडे काळा, मोकळ्या कडेला निळा. दोन्ही बाजू एकाच पट्टीवर छापून दोऱ्याभोवती दुमडायच्या, पण मागची बाजू आरशातल्यासारखी उलटी छापा, म्हणजे दोन्हीकडून काळा त्रिकोण दोऱ्यापाशीच राहील. गोंद ओला असतानाच सुईवर थोडी लाट द्या, सुकल्यावर दिलीत तर घडीवर फाटेल.