चाळिशीत कृत्रिम पायाच्या लाईनला यायचंय? मग या चुका टाळा

मिरजेत दवाखाने बक्कळ, त्यामुळं आमच्या वर्कशॉपकडं पेशंटसोबत दुसरीही माणसं फिरकतात. कुणी साताऱ्याच्या एमआयडीसीत, कुणी किर्लोस्करवाडीकडं फिटर नाहीतर टर्नर म्हणून अर्धी उमर काढलेली, आता कंपनीत मन लागत नाही, आणि सुरुवात ठरलेली, "दादा, पाय बनवायचं शिकायचंय, हात चांगलाय माझा." हात चांगला असतोच हो, प्रश्न तो नाहीच.

पहिली चूक म्हणजे राजीनामा आधी आणि चौकशी नंतर. या कामाला आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन लागतं. 1992 चा कायदा आहे, रजिस्ट्रेशन नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. याची डिग्री, म्हणजे प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची (कृत्रिम हातपाय आणि आधाराची साधनं बनवायची), इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची, म्हणजे बेचाळीसला घुसलात तर बाहेर पडेपर्यंत सत्तेचाळीस उजाडतं. महाराष्ट्रात ऍडमिशन नीटवरनं होते, तिथं 2022 पासून वयाची वरची अट नाही, पण बारावीला बायोलॉजी पाहिजे. कटक, कोलकात्याच्या राष्ट्रीय संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी असते, तिच्यात जन्मतारखेची मर्यादा असते आणि चाळिशीतला माणूस तिथंच गळतो. दहावीवरनं डायरेक्ट डिप्लोमा केलेल्यांनी तर पात्रता लेखी विचारून घ्या, फोनवरच्या "हो हो चालतंय" वर जाऊ नका.

दुसरं, "सहा महिन्यांत घरबसल्या सर्टिफिकेट" वाल्यांना पैसे देऊ नका. मान्यताप्राप्त संस्थांची यादी आरसीआयच्या साईटवर असते, मान्यता ठरावीक मुदतीची असते, त्यामुळं यंदाचं नाव बघा, भिंतीवरची जुनी फ्रेम नको.

डिग्री जमत नसेल तर टेक्निशियन व्हा की! साचा ओतायचा, प्लास्टिक तापवून चढवायचं, कॅलिपरचे (मापाचा नव्हे, अधू पायाला आधार द्यायचा) पट्टे, रिव्हेट, घासकाम, हे सगळं हातवाल्या माणसाचंच काम आहे आणि चांगला टेक्निशियन मिळत नाही म्हणून सगळे रडतात. फक्त प्रोस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम पायाचा रजिस्टर्ड तज्ज्ञ, समोर नसताना माप घ्यायला आणि पेशंटला पाय बसवायला स्वतः जाऊ नका.

आता सगळ्यात मोठी गडबड, जी फिटर लोक हमखास करतात. जिथं लागतं तिथं घासायचं. समजा गुडघ्याखाली पाय गेलेला शेतकरी कवठेमहांकाळवरनं एसटीनं आलाय, म्हणतो खालच्या टोकाला दुखतंय. नवीन माणूस लगेच सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कप, खालनं घासायला घेतो. अरे पण स्टंप, म्हणजे उरलेला पाय, बारीक झालाय, विशेषतः ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तो आकसतच जातो, मग पाय सॉकेटमध्ये खाली उतरतो आणि हाडाचं टोक टेकतं. तिथं स्टंपवर घालायचा पायमोजा एखाद-दुसरा प्लाय (जाडीचा थर) वाढवून बघायचा, घासायचं नंतर. आणि मोज्यावर मोजे चढवायची वेळ आली तर सॉकेटच नवीन लागतं. शाफ्ट सकाळी जेवढा तेवढाच संध्याकाळी, स्टंप तसा नाही राव. कृत्रिम पाय काढून ठेवल्यावर गुडघ्याच्या वाटीखालच्या भागावर थोडी लाली चालते, तिथं भार द्यायचाच असतो, पण नडगीच्या धारेवर किंवा बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या गोळीवर लाली आली आणि दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही तर तो पाय घालून घरी पाठवायचा नाही. शुगरच्या पेशंटला तर लागलेलं कळतच नाही, "बरं वाटतंय" म्हणतो आणि आत फोड आलेला असतो, म्हणून विचारून भागत नाही, डोळ्यानं बघायचं.

अजून एक, कॅटलॉग बघून फूट, म्हणजे कृत्रिम पाऊल, निवडणं. सॅच फूट (मऊ टाचेचं, सांधा नसलेलं पाऊल) बुटात चांगला चालतो, पण घोट्यात वाकत नाही, उकिडवं बसता येत नाही. ज्याला उसाच्या रानात अनवाणी चिखल तुडवायचाय, खाली मांडी घालून जेवायचंय, त्याला जयपूर फूट बरा पडतो, 1968 मध्ये तो झालाच याच गरजेतनं. ऑफिसातल्या माणसाचा हिशोब वेगळा. म्हणून पेशंटला आधी घर, संडास, शेत, गाडी सगळं विचारा, गप्पा मारायचा कंटाळा असेल तर ही लाईन नको.

पैशाचं थोडक्यात, शिकताना पगार बंद आणि सुरुवातीचा पगार सिनियर टर्नरपेक्षा कमी असू शकतो, गृहकर्जाचे हप्ते चालू असतील तर बायकोशी आधी बोला.

आणि फॉर्म भरायच्या आधी एखाद्या वर्कशॉपमध्ये आठवडाभर नुसते बसा. प्लास्टरची धूळ, रेझिनचा वास दिवसभर असतो, दमा असेल तर त्याच्याही आधी डॉक्टरला विचारा.