तेगूक इल जांग: पूमसेतील तंत्र कसे सुधारावे

तायक्वांदो शिकणाऱ्याला सर्वांत आधी जो पूमसे (ठरावीक क्रमाने करायच्या बचाव आणि प्रहारांची मालिका) शिकवला जातो, तो म्हणजे 18 क्रियांचा तेगूक इल जांग. क्रम पाठ झाला की बहुतेक विद्यार्थी पुढच्या पूमसेकडे वळतात आणि तंत्र कच्चे राहते ते इथेच. जागतिक तायक्वांदो संघटनेच्या नियमांनुसार पूमसेच्या 10 गुणांपैकी 4 गुण अचूकतेला आणि 6 गुण सादरीकरणाला असतात. किरकोळ चुकीला 0.1, तर मोठ्या चुकीला 0.3 गुण वजा होतात. हातांच्या चुका चटकन दिसतात, परंतु त्यांतील कितीतरी चुकांचे मूळ पायांत असते, म्हणून सुधारणेला सुरुवातही पायांपासूनच करावी.

पहिली पायरी, हात कमरेवर ठेवून केवळ पावलांनी संपूर्ण पूमसे करावा. यात दोनच स्थिती आहेत. अप सोगी म्हणजे नेहमीच्या चालीतले एक पाऊल; यात दोन्ही गुडघे सरळ असतात आणि वजन दोन्ही पायांवर सारखे असते. अप कुबी ही साधारण दीड पावलाची असून तिच्यात पुढचा गुडघा इतका वाकवावा की वरून पाहता तो पायाच्या बोटांच्या रेषेत यावा, मागचा पाय ताठ राहावा, त्याचे पाऊल सुमारे 30 अंश बाहेर वळलेले असावे आणि वजनाचा जवळपास दोन तृतीयांश भाग पुढच्या पायावर यावा. फरशीच्या रेषांवर किंवा खडूच्या खुणांवर ही अंतरे एकदा आखून घेतली, तर पुढचे काम सोपे होते.

खरी कसोटी एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाताना लागते. चौथ्या क्रियेनंतर डावा पाय अप सोगीतून अप कुबीत जातो आणि तोंड पुढे वळते. या वेळी घाईत डावे पाऊल उजव्या पावलाच्या थेट समोर पडते, दोन्ही पावलांमधील रुंदी नाहीशी होते आणि लगेच येणाऱ्या ठोशात शरीर डगमगते. उपाय असा की, दोन पावलांच्या रेषांमध्ये सुमारे एका मुठीची रुंदी राखावी. याउलट सातव्या क्रियेत लांब स्थितीतून आखूड स्थितीत यायचे असते. तिथे मागच्या अप कुबीची लांबी नकळत तशीच राहते. हे दोन टप्पे संपूर्ण पूमसेपासून वेगळे काढून पुन्हा पुन्हा करावेत. वळताना टाच किंचित उचलून चवड्यावर फिरावे, म्हणजे गुडघ्याला पीळ बसत नाही. रबरी मॅटवर अनवाणी पाय अडतो, तिथे हे अधिकच महत्त्वाचे ठरते. आधी नजर वळवावी, मग पाऊल टाकावे.

यानंतर हात जोडावेत. अरे माक्कीत, म्हणजे खालच्या बाजूच्या बचावात, अडवणारी मूठ आधी विरुद्ध खांद्याजवळ न्यावी आणि तिथून खाली आणावी. ही तयारी अर्धवट झाली की अडवणे निव्वळ हात झटकण्यासारखे दिसते. मोमतोंग जिरुगीचा, म्हणजे धडावर मारायचा, ठोसा छातीच्या मधोमध, बरगड्या जुळतात तिथल्या उंचीवर थांबावा. ओलगुल माक्कीत, म्हणजे चेहऱ्याच्या बचावात, मनगट कपाळासमोर यावे आणि खांदे वर उचलले जाऊ नयेत. दुसरा हात प्रत्येक वेळी कमरेशी तितक्याच जोराने खेचला जावा.

लाथा दोनच आहेत. अप चागीसाठी, म्हणजे समोरच्या लाथेसाठी, गुडघा आधी वर आणावा, लाथ मारून पाय पुन्हा दुमडावा आणि मगच अप सोगीत ठेवावा. पाय नुसता पुढे पडू दिला, तर स्थिती लांबते आणि ठोसा उशिरा लागतो.

गती सर्वांत शेवटी वाढवावी. संपूर्ण पूमसे एकाच वेगाने उरकणे म्हणजे जोरकसपणा नव्हे. क्रियेची सुरुवात सैल, शेवट तीव्र आणि त्यानंतर क्षणभर स्थैर्य, अशी लय हवी. श्वास क्रियेच्या अंताला सोडावा. अठराव्या क्रियेतील किहाप (जोराची आरोळी) पोटातून यावा आणि ठोशाबरोबरच यावा.

अखेरीस आरंभस्थानी खूण करून, समोरून आणि बाजूने चित्रण करीत पूमसे करावा. पुढे जाताना दोन अप कुबी आहेत आणि परत येतानाही दोनच, त्यामुळे खुणेच्या पुढे किंवा मागे थांबला असाल, तर अप कुबीच्या लांबीत फरक पडला आहे. डावी-उजवीकडे सरकला असाल, तर अप सोगीची पावले तपासावीत.