जुनी गाडी घेताना या चुका टाळा: ‘नवंकोरं मॉडेल, कमी चाललेली’ ऐकून भुलू नका

मागच्या पावसाळ्यात मेव्हण्याबरोबर एक गाडी बघायला गेलो होतो. मॉडेल बाजारात येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं, गाडी दहा महिने वापरलेली, किंमत नव्यापेक्षा अडीच लाखांनी कमी. मेव्हणा बोनेटवरून हात फिरवत होता. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला, तर एरवी आत गुंडाळलेला असतो त्या भागावर गढूळ पाण्याची तपकिरी रेघ. सीटच्या रुळांना गंज. ‘वॉशिंगचं पाणी असेल साहेब,’ एजंट म्हणाला. गाडी पाण्यात बुडालेली असणार, हे कळलं आणि आम्ही चहा न घेताच निघालो.

बेल्ट ओढायला दहा सेकंद लागतात, पण कुणी ओढत नाही. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डाही बघावा. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर, 2021 मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं. त्या वेळी तिकडे वापरात असलेली गाडी असेल, तर हे दोन्ही दोनदा बघा. (पासिंग तिथलं म्हणजे गाडी बुडालेलीच, असं मात्र नव्हे.)

आता नव्या मॉडेलविषयी. वर्षाच्या आत कुणी गाडी विकायला काढली, तर का विकतोय हे आधी विचारा. बदली, पैशांची नड अशी खरी कारणंही असतात. पण पहिल्या लॉटच्या गाड्यांमध्ये टचस्क्रीन अडकणं, सेन्सरचे खोटे इशारे, गिअरचे झटके अशा तक्रारी निघतात आणि कंपनी त्या पुढच्या लॉटमध्ये सुधारते. तुमच्या वाट्याला येते ती न सुधारलेली. म्हणून चेसिस नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघाला होता का, काम झालं का, सॉफ्टवेअर अपडेट केलं का, हे विचारा. वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, तेही तिथेच कळेल. नव्या मॉडेलचे बंपर, हेडलाइट बाहेर सहज मिळत नाहीत आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक हात लावायला कचरतो, हा खर्चही हिशेबात धरा.

डिझेल घेत असाल तर जास्त सावध राहा. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर सर्रास आला. ही काजळी जळायला गाडी बराच वेळ सलग, वेगात चालावी लागते. रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर चाललेल्या गाडीत ती साचत जाते. त्यामुळे ‘फक्त शहरातच चालवली’ ही बीएस-6 डिझेलसाठी जाहिरात नव्हे, धोक्याची सूचना आहे. डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, काढून बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरलेलं असू शकतं. अशी गाडी सोडून द्या. नुसता डीपीएफचा दिवा लागला असेल, तर हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगाने चालवून बघता येते. दिवा तरीही विझला नाही, तर खर्च मोठा आहे.

गाडी बघायला सकाळीच जा आणि इंजिन गरम करून ठेवू नका, असं आदल्या दिवशी सांगा. पोहोचल्यावर बोनेटला हात लावा. कोमट लागलं तर थंड स्टार्टचा आवाज तुमच्यापासून लपवलाय. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा शे-पाचशेचा ओबीडी स्कॅनर जवळ असेल तर लावा. एरर एकही नाही, पण तपासण्या ‘नॉट रेडी’ दिसल्या, तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात.

काचांवरच्या खुणांमधलं साल जुळतं का बघा. एकच वेगळी असेल तर ती बदललेली असू शकते. टायरवर 3223 म्हणजे 2023 चा 32 वा आठवडा. दहा महिन्यांच्या गाडीला चारही टायर नवे असतील, तर किलोमीटरचा आकडा विसरा.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलनं आधी भरून घ्या. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, की विमा नावावर करायचा अर्ज 14 दिवसांत द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) त्याच्याबरोबरच जातो, त्यामुळे प्रीमियम वाढेल.